‘या दिवसांत असं होतंच’ म्हणण्याआधी

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा थोरला सव्वा वर्षाचा होता आणि अजून अंगावर पीत होता. पाचव्या महिन्यापासून माझी कंबर, खुबे आणि बरगड्या दुखायला लागल्या. सातव्यात जमिनीवरून आधाराशिवाय उठता येईना. निदान झालं ऑस्टिओमलेशिया, म्हणजे व्हिटॅमिन डीच्या मोठ्या कमतरतेमुळे हाडं मऊ पडणं. लहान मुलांना जो मुडदूस होतो, तोच आजार मोठ्या माणसात या रूपानं येतो. आता मी बरी आहे, दोन्ही मुलं शाळेत जातात. नात्यात, ओळखीत कुणाला दिवस गेले आणि कंबर धरली, की मला फोन येतो. त्या प्रत्येकीला जे सांगते, ते इथे एकत्र लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. यातलं वैद्यकीय ते माझ्या डॉक्टरबाईंनी समजावलेलं आणि पुढे मी वाचून पक्कं केलेलं आहे.

१. किती दुखतं यापेक्षा उठता येतंय का, ते बघा

गरोदरपणात कंबर दुखते हे खरंच आहे. पोटाचा भार पुढे येतो, सांध्यांचे बंध सैलावतात, कूस बदलताना ओटीपोटात कळ येते. बहुतेक बायकांचं दुखणं एवढंच असतं आणि बाळंतपणानंतर ते जातं. म्हणूनच माझं वेगळं दुखणं त्यात कित्येक आठवडे लपून राहिलं. पहिल्या ठिकाणी दाखवलं तेव्हा ‘वजन वाढलंय, पट्टा बांधा’ एवढंच सांगितलं गेलं. घरीही सगळ्या बायकांनी आपापलं बाळंतपण आठवून तेच सांगितलं.

फरक कुठे होता, ते आता नेमकं सांगता येतं. माझं दुखणं सांध्यात नव्हतं, हाडात होतं. खोल, ठणकणारं, दोन्ही बाजूंना सारखं. शिंकलं की बरगड्यांत कळ जायची. नडगीवर थोरल्याचं खेळणं नुसतं आपटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. सर्वात महत्त्वाचं म्हणजे ताकद गेली होती, आणि ती मांड्या-खुब्यांतली. हातानं भाकरी थापता येत होती, पण जिना चढताना कठडा ओढत वर जावं लागे. उभ्यानं सलवार चढवता येईना. देवापुढे बसले की उठताना आधी एका हातावर रेलायचं, मग गुडघ्यावर हात टेकत टेकत स्वतःला वर ढकलायचं. चालही बदलली होती, दोन्ही बाजूंना डुलत चालायची मी. ‘पोट मोठं आहे म्हणून’ असं सगळे म्हणाले, पण पहिल्या वेळी पोट याहून मोठं होतं आणि तेव्हा असं काही झालं नव्हतं.

तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: पाटावरून हात न टेकता उठता येतं का? येत नसेल तर ते ‘या दिवसांतलं’ म्हणून सोडून देऊ नका. अशक्तपणा आला असेल तर त्याचं कारण शोधलंच पाहिजे, मग ते कुठलंही निघो.

२. अंगाला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरकडे जा

निदान ज्या डॉक्टरबाईंनी केलं, त्यांनी आधी कुठलाच कागद मागितला नाही. बुटक्या स्टुलावर बसवलं, हात छातीवर दुमडायला लावले आणि म्हणाल्या, “आता उठा बघू.” मला उठता आलं नाही. मग नडगीच्या हाडावर, छातीच्या मधल्या हाडावर आणि बरगड्यांवर अंगठ्यानं हलकंसं दाबलं. मी ओरडलेच. त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, “ही दिवसा घराबाहेर कधी असते?” तो विचारात पडला. त्याला उत्तर सापडेना, मलाही सापडेना.

मग रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी, ज्याला रिपोर्टवर २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी म्हणतात, ७ नॅनोग्रॅम निघालं. २० च्या खाली कमतरता समजतात. कॅल्शियम आणि फॉस्फरस कमीच्या कडेला होते आणि पॅराथायरॉइड हार्मोन बरंच वाढलेलं. अल्कलाइन फॉस्फेटेज नावाची आणखी एक तपासणी असते. हाडं मऊ पडली की ते वाढतं, पण शेवटच्या महिन्यांत वारही ते तयार करते, म्हणून गरोदर बाईत त्या एका आकड्यावर विसंबता येत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण याच आकड्याकडे बघून ‘गरोदरपणात वाढतंच’ असं म्हणत आजार नजरेतून सुटू शकतो. एक्स-रे बाळंतपणानंतर काढला. ओटीपोटाच्या पुढच्या हाडाला, जांघेच्या आत दोन्ही बाजूंना एकेक आडवी फिकट रेघ होती. पूर्ण न मोडलेलं, पण भरूनही न आलेलं हाड तसं दिसतं. जांघेतली कळ ती होती.

डीची तपासणी स्वस्त नसते, आणि प्रत्येक गरोदर बाईनं ती करावीच असं मी म्हणणार नाही. वर सांगितलेली लक्षणं असतील तर मात्र मागून घ्या.

३. आतमध्ये काय चाललेलं असतं, ते समजून घ्या

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे. आधी प्रथिनांचा सांगाडा तयार होतो, मग त्यात कॅल्शियम-फॉस्फरस भरून तो कडक होतो. डॉक्टरबाईंनी ते स्लॅबच्या उदाहरणानं समजावलं: सळ्या बांधल्या, सेंटरिंग लागलं, पण काँक्रीट ओतलंच नाही. व्हिटॅमिन डी नसेल तर आतडं खाल्लेलं कॅल्शियम पुरेसं उचलतच नाही. रक्तातलं कॅल्शियम तर खाली जाऊन चालत नाही, हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. मग पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढायला लावते.

जन्माला येईपर्यंत बाळाच्या अंगात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम जमा होतं आणि त्यातलं बरंचसं शेवटच्या तीन महिन्यांत जातं. निसर्गानं त्याची सोय केलेली असते. गरोदर बाईचं आतडं एरवीपेक्षा जवळजवळ दुप्पट कॅल्शियम शोषतं. माझ्या अंगात डीच नव्हतं, त्यामुळे ती सोय अपुरी पडली. त्याआधी पहिल्याचं गरोदरपण आणि वर्षभराचं दूध यांनी साठा उतरवलेला होता. ‘बाळ आईचं ओढून घेतं’ असं आपल्याकडे म्हणतात. बाळाला दोष देण्यासारखं त्यात काही नाही; आईच्या ताटात आणि अंगावर काय पडतं, एवढाच तो प्रश्न आहे.

४. कोवळ्या उन्हाच्या भरवशावर राहू नका

यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण ‘आपल्याकडे ऊन भरपूर, इथे कसली कमतरता’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं आहे.

कातडीत व्हिटॅमिन डी बनवणारे अतिनील किरण, ज्यांना यूव्हीबी म्हणतात, सकाळच्या तिरप्या उन्हात जवळजवळ नसतात. वातावरणातून लांबचा रस्ता कापताना ते गळून जातात. सातचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, मन प्रसन्न होतं, डी मात्र फारसं मिळत नाही. सोपी खूण अशी: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाच्या उन्हाचा उपयोग. आपल्याकडे ती वेळ साधारण दहा-अकरा ते दोन-तीन. हे किरण काचेतून येत नाहीत, म्हणून बंद खिडकीपाशी बसून काही मिळत नाही. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. धूर-धूळही आड येते. दिल्लीत लहान मुलांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. जास्त प्रदूषित वस्तीतल्या मुलांमध्ये डी कमी आढळलं होतं.

आता डोंबिवलीतलं माझं आयुष्य बघा. पहिल्या मुलाआधी मी मुंबईत एका ऑफिसात हिशेबाचं काम करायची. सकाळची लोकल, दिवसभर एसी, परतताना अंधार. स्टेशनपर्यंत स्कूटीवर जाताना तोंडाला स्कार्फ, हातात बाह्या, वर सनकोट. काळी पडू नये म्हणून मुली हे सगळं घालतात, आणि त्यांना काळी पडू नकोस असं शिकवतो आपणच. मूल झाल्यावर घर. आमची इमारत आणि शेजारची इमारत यांच्यात हाताएवढं अंतर, पहिला मजला, गॅलरीला ग्रिल. कपडे सुद्धा पंख्याखाली वाळायचे. बाळंतपणात सव्वा महिना खोलीत, खिडक्या लावलेल्या, कानाला रुमाल.

डॉ. कॅथलीन व्हॉन या श्रीनगरच्या जनाना इस्पितळाच्या प्रमुख होत्या. पडदा आणि बाळंतपण या विषयावर त्यांचं पुस्तक १९२८ साली निघालं. पडद्यात, अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या बायकांची हाडं मऊ पडून ओटीपोटाचा सांगाडा वाकडा होतो, बाळाची वाट अडते आणि आई-बाळ दोघंही दगावतात, हे त्यांनी पाहिलं होतं. बाहेर मोकळ्यावर राबणाऱ्या बायकांचं तसं होत नव्हतं. कारण उजेडाचा अभाव, असं त्यांनी ठामपणे लिहिलं. आज एवढं वाकलेलं ओटीपोट क्वचितच दिसतं, आणि वाट अडली तर सिझेरियन असतं. पण आमच्या घरात पडदा कधीच नव्हता, मी पदवीधर, कमावती, आणि तरीही त्या बायकांसारखीच उजेडाबाहेर होते. हे वाचल्यावर मला बरेच दिवस स्वस्थ वाटलं नव्हतं.

करायचं काय? इमारतीची गच्ची कुलूपबंद होती, किल्ली सेक्रेटरींकडे. नवऱ्यानं सोसायटीला अर्ज दिला आणि रोज दोन तास गच्ची उघडी ठेवायला लावली. साडेदहा-अकराला मी वर जायची, गाऊनच्या बाह्या वर, पाय गुडघ्यापर्यंत उघडे, डोक्यावर ओढणी. मे महिन्यात गरोदर बाईनं भर उन्हात तळपत बसू नये, घेरी येते. थोडाच वेळ, पाणी पिऊन, सोबत कुणीतरी असताना जा. आणि एकदा हाडं मऊ पडली की नुसत्या उन्हानं भागत नाही, औषध लागतंच.

५. डिंकाचे लाडू जरूर खा, पण त्यांच्याकडून नको ती अपेक्षा ठेवू नका

आईनं माहेरून डिंक, खारीक, अळीव, सगळं पाठवलं. त्यात पौष्टिक बरंच आहे, व्हिटॅमिन डी नाही. शाकाहारी जेवणात ते जवळजवळ नसतंच. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत असतं, अंड्याच्या बलकात थोडं असतं. आमच्याकडे दोन्ही चालत नाही. दूध आणि खाद्यतेल यांत ए आणि डी मिसळलेले प्रकार हल्ली मिळतात. पाकिटावर निळी ‘प्लस एफ’ खूण असते. ती बघून घ्यायची सवय लावा.

कॅल्शियमसाठी मात्र आपलं स्वयंपाकघर चांगलं आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तिळात त्याहून कितीतरी जास्त. दूध, दही, ताक आहेच. गरोदरपणात दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि अंगावर पाजताना १२०० लागतं, असं आपल्याकडच्या आयसीएमआरच्या तक्त्यात आहे. नाचणीचं सत्त्व मी रोज घ्यायची, आंबवून केलेलं, कारण आंबवल्यानं त्यातलं कॅल्शियम अंगी लागायला मदत होते.

एक गोष्ट स्पष्टच लिहिते. घरातल्या दुधाचा हिशेब लावताना चहा, मुलं, पुरुष आणि शेवटी सून, ही रीत अजून गेलेली नाही. माझ्या सासूबाईंनी निदान ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी अर्धा लिटर दूध वाढवलं आणि माझा पेला स्वतः समोर बसून संपवून घेतला. त्यांच्या त्या हट्टाचं मोल मी विसरणार नाही.

६. गोळ्या नुसत्या आणून चालत नाहीत, त्या लागू पडल्या पाहिजेत

सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमच्या गोळ्या देण्याचं राष्ट्रीय धोरण आहे. दिवसाला दोन, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट व्हिटॅमिन डी. आशाताई त्या घरी आणून देतात, आणि कित्येक घरांत ती पाकिटं कपाटावर पडलेली असतात. कुणी म्हणतं बाळाचं डोकं कडक होतं, कुणाला बद्धकोष्ठ होतं. डोकं कडक वगैरे काही होत नाही. बद्धकोष्ठ होऊ शकतं, त्यावर पाणी आणि पालेभाज्या.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका. कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. मधे निदान दोन तास जाऊ द्या. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्या, उपाशीपोटी नको. मी दोन्ही जेवणांना कॅल्शियम घ्यायची आणि लोह झोपताना. पाकीट वाचायला शिका: ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५००. काही गोळ्यांत डी नसतंच, तेही बघा.

आणि आता कळकळीचं. वरच्या गोळ्या राखण्यासाठी आहेत. माझ्यासारखी खालावलेली अवस्था भरून काढायला वेगळा डोस लागतो. माझा डोस मी कुणालाच सांगत नाही, इथेही लिहीत नाही. व्हिटॅमिन डी चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. दुकानातून पुड्या आणून मनानं घेतल्या, किंवा कुणी सांगितलं म्हणून ६ लाख युनिटचं इंजेक्शन टोचून घेतलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, सततची तहान, गुंगी येते, मूत्रपिंडाला इजा होते. पोटात बाळ असताना हा खेळ नको.

७. डी वाढतच नसेल तर दुसरं कारण शोधायला सांगा

फिटची काही औषधं, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे आजार, गहू न सोसणारं आतडं, यांमुळेही हे होतं. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा, आयुर्वेदिक धरून.

८. घर आजारी बाईच्या उंचीचं करा

औषध सुरू झाल्यावर दुखणं काही आठवड्यांत कमी झालं, ताकद यायला मात्र महिने लागले. त्या मधल्या काळात पडणं परवडणारं नव्हतं. भारतीय संडासावर कमोडची खुर्ची ठेवली. न्हाणीत उंच प्लास्टिकचं स्टूल आणि भिंतीला हातधरणी. गादी जमिनीवरून पलंगावर आली. कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून एकदम वळायचं, हे फिजिओथेरपिस्टनं शिकवलं आणि रात्री झोप लागायला लागली. थोरल्याला उचलणं बंद. तो सोफ्यावर चढायचा आणि मग मी त्याला जवळ घ्यायची. डोहाळजेवणाला मला पाटावर बसवण्याचा आग्रह झाला तेव्हा जाऊबाईंनी सरळ खुर्ची आणली आणि तिलाच फुलं बांधली.

केर-फरशी, पाणी भरणं, गॅसची टाकी हलवणं हे नवऱ्यानं घेतलं. शेजारपाजारच्यांनी त्याबद्दल बोलून घेतलं. त्यानं उत्तर दिलं नाही, काम चालू ठेवलं.

९. बाळाचीही तपासणी मागा

आईत डी नसेल तर बाळ तेवढाच रिकामा साठा घेऊन येतं. अशा बाळाचं कॅल्शियम पहिल्या दिवसांत घसरून झटके येऊ शकतात. म्हणून बाळंतपणाच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांना आधीच कळवून ठेवा. धाकटीचं रक्त तपासलं, ते ठीक होतं. आईच्या दुधात व्हिटॅमिन डी फारच कमी असतं, एरवी कितीही सकस असलं तरी. म्हणून अंगावरच्या बाळाला जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला बालरोगतज्ज्ञ सांगतात. दूध बंद करू नका, थेंब चुकवू नका. वेगवेगळ्या बाटल्यांत औषधाची तीव्रता वेगळी असते; एका मिलिलिटरमध्ये कशात ४०० युनिट तर कशात ८००. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा.

१०. पुढच्या मुलाचा विचार हाडांना विचारून करा

बाळंतपण झालं म्हणून औषध थांबवू नका, पाजतानाही कॅल्शियम जातच असतं. माझं रक्त तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, मग वर्षानं. एक्स-रेमधल्या रेघा भरून आल्या. दोन मुलांत किमान तीन वर्षांचं अंतर असावं असं आशाताई सांगतात, ते हाडांच्या बाजूनंही खरं आहे. ज्यांना पुढे मूल हवं आहे त्यांनी आधी डी तपासून, भरून घेऊन मगच चान्स घ्यावा.

पाळणा लांबवण्याच्या साधनाबद्दलही बोला. सरकारी दवाखान्यात मिळणारं ‘अंतरा’ इंजेक्शन कित्येकींना सोयीचं पडतं, पण ते चालू असेपर्यंत हाडांची घनता थोडी कमी होते. बंद केल्यावर ती पुन्हा भरते. निरोगी बाईला त्याची फार चिंता नको. माझ्यासारखीनं मात्र आपला आजार नर्सबाईंना आधी सांगायला हवा. मी सांगितला. त्यांनी तांबी सुचवली, तिचा हाडांशी काही संबंध येत नाही, आणि मी ती बसवून घेतली.